हरवलेला आवाज आणि असरोलची मुळी

सभासमारंभांतून एक वाक्य अलीकडे वारंवार कानी पडते. कंपवातावरचे औषध मूळचे आपल्या हकिमांचे, पाश्चात्त्यांनी त्यावर फक्त आपली चिठ्ठी चिकटवली, असे ते वाक्य. दोन वर्षांपूर्वी एका परिसंवादात ते उच्चारले गेले आणि टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझे शाळेतले उर्दूचे शिक्षक बसले होते. आम्ही जुने विद्यार्थी त्यांना आजही 'जनाब' म्हणतो. त्यांना कित्येक वर्षांपासून कंपवात आहे. ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आले नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. चाळीस वर्षे ज्या आवाजाने मागच्या बाकापर्यंत मुले गप्प बसवली, तो आवाज हातभर अंतरावर पोहोचत नव्हता. शेवटी त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे लिहून दिले, "कौनसा हकीम? नाम पूछो." ओळीच्या शेवटी अक्षरे मुंगीएवढी झाली होती.

मी ते नाव विचारले नाही, कारण विचारून उत्तर मिळाले नसते. प्रश्न मात्र बरोबर होता, आणि प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. वैद्यक हा माझा विषय नव्हे. भाषेच्या अभ्यासकाला जुन्या ग्रंथांतून आणि शब्दांतून जे दिसते, त्याला गेल्या शतकातील छापील नोंदींची जोड देऊन हा वृत्तान्त जुळवला आहे. मज्जातंतूंच्या बिघाडाने आवाज गेला असता त्यावर औषध कसे सापडत गेले, आणि त्यात आपल्या तिब्बचा वाटा नेमका किती, एवढाच त्याचा आवाका आहे.

जालीनूसचा प्रयोग

आवाज हृदयातून निघतो की मेंदूतून, हा प्राचीन काळी खरोखरीचा वाद होता. अरस्तूच्या मताने बुद्धीचे आणि संवेदनेचे ठाणे हृदय. बोलणे छातीतून वर येते, म्हणून वाचेचा उगमही तेथेच, असे रवाकी (स्टोइक) तत्त्वज्ञ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जालीनूसने (गॅलनने) रोममध्ये जाहीर प्रयोग करून हा वाद निकालात काढला. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील श्वासनलिकेलगतचे दोन बारीक मज्जातंतू त्याने दोऱ्याने आवळले. जनावर जिवंत, श्वास चालू, धडपड चालू, पण आवाज बंद. गाठ सोडली की आवाज परत. हे तंतू मेंदूकडून निघून छातीपर्यंत खाली जातात आणि तेथून वळसा घेऊन पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतात, हेही त्याने दाखवले. त्या वळशामुळे अरबी वैद्यांनी त्यांना 'परतणारे' तंतू म्हटले. आजच्या शरीरशास्त्रातील लॅटिन नावाचाही अर्थ तोच आहे.

आवाजावर जालीनूसने स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचे मूळ ग्रीक नष्ट झाले. बगदादच्या हुनैन इब्ने इस्हाकने आपण व आपल्या सहकाऱ्यांनी जालीनूसचे कोणकोणते ग्रंथ भाषांतरित केले याची जी यादी ठेवली आहे, तीत हा ग्रंथ येतो. नवव्या शतकातील भाषांतरकारांचे महत्त्व आपण बहुधा तत्त्वज्ञानाच्या संदर्भात सांगतो. वैद्यकात त्यांनी काय वाचवले, हे सांगायचे राहून जाते. पुढे इब्ने सीनाच्या (९८०–१०३७) 'अल-कानून फित्तिब'च्या पहिल्या खंडात मज्जातंतूंच्या रचनेमध्ये या परतणाऱ्या तंतूंचे वर्णन आले, आणि ग्रंथाच्या पुढच्या भागात रअशा (कंप), फालिज (अर्धांगवायू) आणि लकवा हे मज्जातंतूंचे आजार वेगवेगळे नोंदले गेले. जाता जाता एक गोष्ट सांगतो. अरबीत 'लक्वा' म्हणजे केवळ चेहऱ्याचा पक्षाघात. मराठीत आणि दखनीत येता येता त्याने सर्वच पक्षाघात आपल्या पोटात घेतले, आणि आज आपला माणूस फालिजलाही लकवाच म्हणतो.

रचनेचे ज्ञान असे पक्के होते. औषध मात्र त्याच्या जोडीने आले नाही. बसलेल्या आवाजावर तिब्बमध्ये ज्येष्ठमध, बाभळीच्या जातीचा डिंक, बदाम अशा द्रव्यांच्या गोळ्या आणि चाटणे आहेत. ती घशाची कोरड आणि खरखर शमवतात. मज्जातंतूंमुळे गेलेल्या आवाजाला त्यांचा उपयोग नाही. रअशावर शरीर उष्ण ठेवण्याचे आणि मज्जातंतूंना बळ देण्याचे उपाय आहेत, पण त्यांचा आवाजाशी संबंध जोडलेला नाही. हे त्या काळाचे उणे नव्हे. मेंदूतील रसायने मोजण्याचे साधनच कोणापाशी नव्हते.

लंडन, १८१७

कंप, मंद हालचाल आणि पुढे झुकलेली चाल हा एकच आजार आहे, हे लंडनचा वैद्य जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली एका छोट्या निबंधात मांडले. त्याचे रुग्ण अवघे सहा, आणि त्यांपैकी काही तर त्याने रस्त्यावर पाहिलेले. बोलणे अस्पष्ट होत जाऊन शेवटी समजेनासे होते, हेही त्याने नोंदले. त्याचे नाव या आजाराला चिकटले ते पुढे पॅरिसच्या शार्कोमुळे.

शार्कोच्या रुग्णालयात या आजारावर जे पहिले बऱ्यापैकी औषध वापरले गेले, ते हायोसायमीन. ते बेलाडोना आणि खुरासानी ओवा या वर्गातील विषारी वनस्पतींतून मिळते. 'अजवायन खुरासानी' आपल्या अत्तारांच्या दुकानांत शतकानुशतके ठेवलेली असे. कंप त्याने थोडा कमी होई. आवाजाचे मात्र भले होत नसे, कारण हे द्रव्य लाळ आटवते आणि तोंड कोरडे पाडते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच जातीच्या औषधांवर काम चालले होते.

असरोल

आता मुख्य दुव्याकडे येतो. सर्पगंधा, उर्दूत असरोल किंवा छोटा चाँद, हे हातभर उंचीचे झुडूप. तिची मुळी सर्पदंशावर, तापावर आणि विशेषतः उन्मादावर देत. उत्तरेत तिचे एक नाव 'पागल की दवा' असेच होते. तिच्या लेखी इतिहासाला गोव्याचाही एक धागा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात सापाच्या विषावरील काष्ठौषधीच्या तीन जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक सर्पगंधाच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तिचे शास्त्रीय नाव 'रौवोल्फिया' हे मात्र ज्याने ही वनस्पती हाताळली नाही अशा एका जर्मन प्रवासी वैद्याच्या स्मरणार्थ पडले. नावांचा न्याय असाच असतो.

दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांना आपण राष्ट्रीय पुढारी म्हणून ओळखतो. ते 'शैदा' या तखल्लुसाने शायरी करीत, हेही काहींना ठाऊक असते. त्यांची वैद्यकातील दृष्टी मात्र फार थोड्यांनी समजून घेतली. यूनानी आणि आयुर्वेद यांचे शिक्षण एका छपराखाली व्हावे आणि त्याला आधुनिक रसायनशास्त्राची कसोटी लागावी, असा त्यांचा आग्रह होता. करोल बागेतील तिब्बिया कॉलेजची कोनशिला १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि १९२१ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. या दोन तारखांमधल्या पाच वर्षांत देश केवढा बदलला, ते या दोन नावांतच दिसते.

सलीमुज्जमां सिद्दीकी (१८९७–१९९४) हा बाराबंकी जिल्ह्यातला तरुण अलीगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकला. नंतर तो रसायनशास्त्राकडे वळला आणि जर्मनीत फ्रँकफुर्टला १९२७ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याला हकीम साहेबांचा आर्थिक आधार होता. सिद्दीकी परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हकीम साहेब गेले. १९२८ पासून सिद्दीकींनी तिब्बिया कॉलेजातील संशोधन विभाग उभा केला. १९३१ साली त्यांनी रफअत हुसेन सिद्दीकी यांच्यासह असरोलच्या मुळीतून शुद्ध स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केल्याचे 'इंडियन केमिकल सोसायटी'च्या नियतकालिकात जाहीर केले. मरहूम आश्रयदात्याच्या स्मरणार्थ त्यांनी एकाला 'अजमलीन' नाव दिले. जगाच्या औषधकोशात एका हिंदी हकिमाचे नाव अशा रीतीने गेले.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते, असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिला. येथून ही मुळी जगभर गाजली. यूनानी परंपरेतले रसायनतज्ज्ञ, आयुर्वेदाचे कविराज, मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ अशी ही साखळी आहे. तिच्यातली एकच कडी उचलून ती 'आमची' म्हणणे म्हणजे इतिहासाशी अदावत करणे होय.

येथे एक महत्त्वाचा खुलासा केला पाहिजे, कारण टाळ्यांचे वाक्य नेमके येथेच घसरते. अजमलीनचा कंपवाताशी काहीही संबंध नाही. ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर काम करते. हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी ते आजही वापरतात. माणसाला शांत करणारे द्रव्य सिद्दीकींच्या स्फटिकांत नव्हते. स्फटिक काढून घेतल्यावर जो राळेसारखा चिकट गाळ उरे, त्यात ते होते. हा गाळही गुंगी आणतो, हे भारतीय संशोधकांच्या १९४० च्या दशकातच लक्षात आले होते. त्या गाळातून ते द्रव्य शुद्ध रूपात काढले ते स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी, १९५२ साली. त्याचे नाव रेसरपीन.

आवाज घेणारी मुळी

रेसरपीन काही वर्षे रक्तदाबावर आणि मनोविकारांवर भरपूर वापरले गेले. वापरता वापरता डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्यांना ते जास्त दिले त्यांच्यापैकी काहींचा चेहरा मुखवट्यासारखा होई, चाल मंदावे, बोलणे हळू आणि एकसुरी होई. थोडक्यात, ते कंपवाताचे रुग्ण दिसत. औषध बंद केले की लक्षणे ओसरत.

म्हणजे असरोलने कंपवात बरा केला नाही. तिने तो घडवून दाखवला. आजार हवा तेव्हा निर्माण करता आला, की त्याचे कारण शोधता येते. जालीनूसने दोऱ्याने तंतू आवळला तेव्हा हेच केले होते, आणि रेसरपीन हा मेंदूच्या आत बांधलेला तसाच दोरा होता. माझ्या मते तिब्बच्या या मुळीचे खरे मोल येथे आहे, आणि ते 'आमच्या औषधाने रोग बरा होतो' या दाव्याहून कमी नाही.

ही गाठ सोडली स्वीडनमध्ये. आर्विड कार्लसन यांनी लुंड येथे १९५७ साली सशांना रेसरपीन टोचले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच मिनिटांत ससे कान उभारून हालचाल करू लागले. डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. रेसरपीन मेंदूतील हा साठा रिकामा करीत होते. डोपामीन हा मेंदूचा स्वतंत्र संदेशवाहक आहे, ही गोष्ट तेव्हा नवीन होती. तिच्यासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. १९६० साली त्यांनी आणि एहरिंगर यांनी दाखवले, की मेंदूच्या ज्या भागातून हालचालींवर नियंत्रण होते तेथे डोपामीन फार कमी झालेले असते. आपल्या प्रयोगशाळेतला डोपाचा साठा त्यांनी डॉ. वाल्टर बिर्कमायर यांच्या हवाली केला. वृद्धाश्रमाच्या रुग्णालयातील बिर्कमायर यांनी काही महिने टाळाटाळ केल्यावर अखेर १९६१ च्या जुलैत रुग्णांच्या शिरेत डोपा टोचले. वर्षअखेरीस छापलेल्या अहवालात वीस रुग्णांची हकीकत आहे. अंथरुणातून उठू न शकणारे उठले, उभे न राहू शकणारे चालले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची नोंद अशी, की ज्यांचा आवाज जवळजवळ उरला नव्हता आणि जे एकच शब्द पुनःपुन्हा पुटपुटत, त्यांचे बोलणे जोरदार आणि स्वच्छ झाले. मज्जातंतूंच्या आजाराने गेलेला आवाज औषधाने परत आल्याची इतकी स्पष्ट लेखी नोंद तिच्यापूर्वीची माझ्या वाचनात नाही. आनंद काही तासच टिके. नोबेलच्या यादीत हॉर्निकिएविच यांचे नाव नसल्याबद्दल दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला, तो रास्तच होता.

तोंडाने रोज घेण्याजोगे औषध व्हायला आणखी सहा वर्षे लागली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन येथे जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ साली अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू ग्रॅमांपर्यंत चढवत नेली. १९७० साली अमेरिकेत लेव्होडोपाला मान्यता मिळाली. त्याला कार्बिडोपाची जोड देण्याची युक्ती नंतरची. डोपाचे डोपामीन मेंदूबाहेरच होऊन उलट्या होत, ते त्यामुळे टळले. आज आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी हीच जोडगोळी आहे.

आवाज आणि गोळी

एवढ्यावर थांबता आले असते तर कथा गोमटी झाली असती. पण जनाब गोळी वेळेवर घेतात, हात बराच स्थिर आहे, चालताना आधार लागत नाही, आणि तरी आवाज ऐकू येत नाही. ही त्यांची एकट्याची तक्रार नव्हे. १९७८ साली अमेरिकेत २०० रुग्णांच्या पाहणीत ८९ टक्के रुग्णांच्या आवाजात दोष आढळला. शब्दोच्चारातील दोष ४५ टक्क्यांत होता. म्हणजे आधी आवाज जातो, शब्द नंतर.

व्हिएन्नातील त्या चमत्काराची पुढे कसून तपासणी झाली, तेव्हा निकाल मिश्र निघाले. काहींचा आवाज गोळीने सुधारतो, काहींचा जेमतेम, काहींचा मुळीच नाही. हातपाय जेवढे ऐकतात तेवढे स्वरयंत्र ऐकत नाही. आजार पुढे सरकतो तसा फरक आणखी कमी पडत जातो. बोलण्यासाठी श्वास, स्वरतंतू, जीभ, ओठ यांना एका क्षणात एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते, आणि त्या जुळणीची सगळी भिस्त डोपामीनवर नसावी, असे आता मानतात. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. आपला आवाज लहान झाला आहे, हे रुग्णाला स्वतःला कळत नाही. त्याच्या कानाला तो पुरेसा वाटतो. घरचे 'मोठ्याने बोला' म्हणाले की तो चिडतो, तुमचेच कान गेले म्हणतो. कित्येक घरांत यावरून अबोला झालेला असतो.

यावर जो उपाय सर्वांत उपयोगी ठरला, तो औषध नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात लॉरेन रॅमिग आणि सहकाऱ्यांनी एक सराव बसवला. महिनाभर, आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, एकच ध्येय ठेवून बोलायचे, ते म्हणजे मोठ्याने. २०२४ साली ब्रिटनमधील ३८८ रुग्णांवरील चाचणीत हा सराव नेहमीच्या वाचोपचारापेक्षा सरस ठरल्याचे प्रसिद्ध झाले. तो शिकवणारे वाचोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर शोधावे लागतात.

दुसरा एक आजार

मज्जातंतूंमुळे आवाज बिघडण्याचा प्रकार केवळ कंपवाताचा नाही. एका आजारात आवाज मावळत नाही, तर आवळला जातो. बोलू लागताच स्वरतंतू एकमेकांवर घट्ट मिटतात आणि शब्द गळा दाबल्यासारखे तुटत तुटत येतात. गाताना किंवा हसताना तोच माणूस कधीकधी ठीक असतो. जर्मन वैद्य ट्राउबे याने १८७१ साली याचे वर्णन केले, पण गाताना जमते आणि बोलताना जमत नाही यामुळे डॉक्टरांनी हा मनाचा रोग ठरवला. जवळजवळ शंभर वर्षे रुग्णांना, त्यांत स्त्रियाच अधिक, मानसोपचारासाठी पाठवले गेले. आपल्याकडे अशांना कोणाकडे नेले जात असेल, हे सांगायला नको.

हा मज्जातंतूंचाच दोष आहे, हे मत १९६० नंतर बळावले. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट डेडो यांनी धाडसी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. जालीनूसने आवळलेला तोच परतणारा तंतू त्यांनी एका बाजूचा कापून टाकला, आणि रुग्णांचा आवाज मोकळा झाला! पण दुसऱ्या एका रुग्णालयाने आपल्या रुग्णांना तीन वर्षांनी तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचा त्रास परतलेला होता.

कापण्याऐवजी तात्पुरते सैल करणारे द्रव्य मिळाले ते एका विषात. नासलेल्या मांसातून होणाऱ्या या विषबाधेचा पहिला पद्धतशीर अभ्यास युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध केला. केर्नर हाही हकीम साहेबांप्रमाणे वैद्य आणि कवी. त्याने ते विष स्वतः चाखून पाहिले, आणि अति चाळवलेल्या मज्जातंतूंवर ते औषध म्हणून चालेल, असे भाकीतही केले. १८९५ साली बेल्जियममधील एका गावी अंत्ययात्रेनंतर खारवलेले मांस खाऊन बँडवाल्यांना विषबाधा झाली, त्या तपासातून व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जंतू शोधला. अॅलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात ते विष अतिसूक्ष्म मात्रेत तिरळेपणावर वापरायला घेतले. न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू ब्लिट्झर आणि मिचेल ब्रिन यांनी १९८४ साली ते स्वरयंत्रात टोचले. केर्नरचे भाकीत खरे व्हायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे आवाज फुसका येतो, पाणी पिताना ठसका लागतो. नंतर सरासरी तीन-चार महिने बोलणे सुकर होते, आणि मग पुन्हा सुई. पूर्ण बरे करणारे औषध याही आजारावर नाही.

कुहिली आणि रमजान

परत कंपवाताकडे येऊ, कारण 'आपले औषध' या दाव्याची दुसरी बाजू राहिली आहे. ती मुळीची नसून बियांची आहे. डोपा प्रथम १९१३ साली बाझलच्या रोश कंपनीत मार्कुस गुगेनहाइम यांनी वेगळे केले, ते बाकला या शेंगेच्या दाण्यांतून. त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिले आणि त्यांना सपाटून उलट्या झाल्या. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांत सापडल्याचे जाहीर केले. खाजकुहिली म्हणजे उर्दूतली कौंच. आयुर्वेद आणि यूनानी दोन्हींत तिची बी बलवर्धक म्हणून चालते. १९७८ साली मुंबईच्या वैद्य आणि सहकाऱ्यांनी तिचा कंपवातावरील वापर तपासून लिहिला, १९९५ साली साठ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर गोळीशी तुलना झाली, तेव्हा बियांच्या चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर येतो असे दिसले. या चाचण्यांत मोजले गेले ते मुख्यतः हातापायांचे चलनवलन.

तेव्हा 'आपल्याकडे होते' हे बियांबाबत खरे आहे. पण कोणत्या बीत किती डोपा आहे, हे पाहून कळत नाही. ते जमिनीगणिक आणि जातीगणिक बदलते. गोळी चालू असताना कोणी बाजारचे चूर्ण त्यावर घेऊ लागला, तर एकच औषध तो दुप्पट घेत असतो आणि डॉक्टरला पत्ता नसतो. भाषणातून अभिमान वाटला की श्रोत्यांपैकी कोणीतरी दुसऱ्या दिवशी चूर्ण आणायला जातो, हे व्यासपीठावरच्यांनी लक्षात ठेवायला हवे. जनाबांच्या घरीही असा एक डबा कोणीतरी प्रेमाने आणून दिला होता.

त्यांच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट रमजानची. एका वर्षी त्यांनी सहरीला एक आणि इफ्तारला एक अशा दोनच गोळ्या ठेवल्या, मधल्या दोन सोडल्या, आणि हे कोणालाच सांगितले नाही. अस्रच्या नमाजेपर्यंत हात आखडत. घरातल्यांनी काही विचारले तर उत्तर ओठांवर दिसे, कानांवर येत नसे. सर्वांना वाटले, म्हातारपण आणि रोजा. लेव्होडोपाचा परिणाम काही तासांचाच असतो आणि ते एकाएकी थांबवणे किंवा फार कमी करणे जिवावर बेतू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे मात्र त्यांनीच आम्हाला पाचवीत शिकवले होते. पुढच्या वर्षी शाबान महिन्यातच ते डॉक्टरांकडे गेले. त्या वर्षी त्यांनी रोजे ठेवले नाहीत, फिदिया दिला.

हल्ली सकाळची पहिली गोळी घेतल्यावर तासाभराने ते ओसरीत बसून उर्दू दैनिकाचा अग्रलेख मोठ्याने वाचतात. नातू समोर दहा पावलांवर बसतो. ऐकू आले नाही की तो हात वर करतो, आणि जनाब ती ओळ पुन्हा वाचतात. हकिमाचे नाव त्यांनी मला पुन्हा विचारले तेव्हा मी अजमल खान आणि सिद्दीकी यांची हकीकत सांगितली, स्फटिकांची आणि गाळाची दोन्ही. गाळाची गोष्ट त्यांना जास्त आवडली. ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली.